नऊ खाडे आणि अर्धा सिनेमा

ज्या सिनेमावर मी मंडळात गेली अकरा वर्षं बोलतोय, तो मी पूर्ण पाहिलेला नाही. हे आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

सिनेमा ज्यूंच्या संहारावरचा. नाव लिहीत नाही. फार नावाजलेला आहे, आणि त्याचं नाव घेतलं की लोक डोळे मिटून हळूहळू मान हलवतात. ते मान हलवणं आता मला बघवत नाही. मल्लेश्वरमच्या आमच्या मराठी मंडळात तो दर जानेवारीत दाखवतात. बंगळूरला दरवर्षी पुण्या-मुंबईकडून नोकरीसाठी नवी मुलं येतात, आणि प्रत्येकाने तो एकदा तरी पाहिलाच पाहिजे असा अण्णांचा हट्ट. अण्णा म्हणजे मंडळाचे कार्यवाह, संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. सगळं मंडळ त्यांना अण्णाच म्हणतं.

पहिल्या वर्षी तो दाखवला तेव्हा साधारण मध्यावरचा एक प्रसंग आला. मी उठलो, बाहेर गेलो, आणि जिन्यात बसून रडलो. ढसाढसा, अगदी लाज वाटावी इतका. मध्यंतरात लोक कॉफी प्यायला बाहेर आले तेव्हा मी तिथेच होतो. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी पाणी आणलं. तेव्हापासून मंडळात मी हळवा माणूस. दरवर्षी सिनेमा संपला की चार शब्द मीच बोलायचे. शेवटाबद्दल जे बोलतो ते इकडून तिकडून वाचलेलं.

त्यातून एक युक्ती निघाली. मंडळात कुठलाही सिनेमा मध्यंतराशिवाय होत नाही. तीन तासांचा असो की दीड तासाचा, छळछावणीचा असो की विनोदी, मध्ये कॉफी आणि काहीतरी गरम हवंच. मध्यंतर कुठे घ्यायचं हे ठरवायचं काम मी मागून घेतलं. त्या प्रसंगाच्या बरोबर आधी मी दिवे लावतो, खाली जाऊन भांडी आणि कप आवरत बसतो, आणि दुसरा अर्धा सिनेमा आवरण्यातच जातो. लोक म्हणतात, बघा, त्याला पुन्हा बघवत नाही. ते खरंच आहे. फक्त कारण वेगळं आहे.

यंदा अण्णांचा फोन आला. "रविवारी चार मिनिटं बोलायचंय."

"अण्णा, यंदा दुसऱ्या कुणाला सांगा ना."

"दुसरं कोण आहे? मी बोललो की लोकांना वाटतं वार्षिक अहवाल वाचतोय."

"अहो, माझं तेच तेच असतं."

"श्राद्धाचे मंत्र पण तेच असतात. सरी, ठरलं मग, रविवारी दहाला. आणि मध्यंतराला यंदा खारा भात आहे, बटाटेवडे नाहीत. वड्यांवर मागच्या वेळी भांडण झालं."

त्यांनी फोन ठेवला. साठ लाख माणसं मारली गेली, आणि आमचं भांडण वड्यांवर. पण चिडायचा अधिकार मला कुठून येणार?

आता तो प्रसंग. उघड्या मैदानात एक टेबल. टेबलामागे एक कारकून, पुढे माणसांची लांब रांग. कारकून नाव विचारतो, यादीत शोधतो, पेन्सिलीने खूण करतो. खूण झाली की माणूस एका बाजूला, नाही झाली की दुसऱ्या बाजूला. एका म्हातारीला ऐकू येत नाही. कारकून थोडा पुढे वाकतो आणि प्रश्न पुन्हा विचारतो. आवाज चढवत नाही. त्याचं अक्षर सुरेख आहे. एवढंच आहे त्यात. गोळी नाही, किंकाळी नाही. मी उठलो तो त्याच्या पुढे वाकण्यावर.

कारण तसा मी वाकलो होतो.

मी सरकारी कारखान्यात मशीन शॉपला सुपरवायझर होतो. आमच्या हाताखाली सफाईची कंत्राटी माणसं होती, बावीस जण. त्यांत बंगळूरजवळच्या आनेकलची एक बाई. लेथखाली पडलेला लोखंडाचा कीस गोळा करायचं तिचं काम. वयाने माझ्याएवढीच असेल, पण मी तिला अक्का म्हणायचो, ती मला सर. मी सीमाभागातला, त्यामुळे कानडी मला घरच्यासारखी. आमचं बोलणं कानडीतच होई, इथे मराठीत लिहितोय.

कंत्राटी माणसांना रजा नव्हती. पण रजा नाही म्हणून घरात बाळंतपण आणि मयत थांबत नाही. म्हणून आमच्या शॉपमध्ये एक पद्धत होती. माणूस तोंडी सांगून जायचा, आणि महिनाअखेरीला सुपरवायझर मस्टरवर त्याचे खाडे सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामात जिरवून टाकायचा. कागदावर कुठेच काही नाही. सगळ्यांना माहीत, आणि सगळ्यांच्या सोयीचं.

अक्काची मुलगी बाळंत व्हायची होती. मी म्हणालो, "जा अक्का. मस्टरचं मी बघतो." ती नऊ दिवस गेली. परत आल्यावर सलग पाच रविवार कामाला आली, न बोलावता, एक रविवार दोन दिवसांचा धरून हिशेब फिटावा म्हणून. त्या महिन्यात ऑडिटवाले बसले होते. मी मस्टरला हात लावला नाही. पुढच्या महिन्यात बघू म्हटलं, आणि विसरलो.

मग काही महिन्यांनी वरून पत्र आलं. पाच माणसं कमी करा. नावं नव्हती पत्रात. ज्यांचे खाडे जास्त त्यांची नावं संबंधित अधिकाऱ्याने द्यावीत, एवढंच होतं. संबंधित अधिकारी म्हणजे मी. मस्टर उघडलं तर चार नावं सरळ निघाली. पाचवी अक्का. नऊ खाडे.

ते नऊ खाडे माझे होते. मला एक ओळ लिहायची होती की ही रजा माझ्या परवानगीने होती. पण ती ओळ लिहिली असती तर तोंडी रजेची सगळी पद्धत उघडी पडली असती, नवे मॅनेजर कडक होते, आणि माझी बढती कमिटीसमोर होती. मी दोन दिवस ते पान उघडून बसलो. मग सुवाच्य अक्षरात पाच नावं लिहून दिली.

अक्काला मी खुर्ची दिली. कॉफी मागवली. तिला नीट कळावं म्हणून पुढे वाकलो आणि हळू आवाजात म्हणालो, "अक्का, यादी वरून आली आहे. मी खूप प्रयत्न केला."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही नका मनाला लावून घेऊ सर."

बढती दोन महिन्यांनी मिळाली. सिनेमा मंडळात त्यानंतरच्या जानेवारीत आला.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण ती कुणी मला सांगण्याआधी मी स्वतःलाच हजारदा ऐकवलेली आहे. माझ्या यादीने कुणी मेलं नाही. त्या मैदानातल्या रांगेशी आमच्या सफाईच्या यादीची तुलना करणं म्हणजे त्या मेलेल्या माणसांचा अपमान आहे. आणि मी नेमकं तेच केलं. त्यांच्यासाठी जमलेल्या सभागृहातून उठून मी स्वतःसाठी रडलो, आणि लोकांनी ते त्यांच्या नावे जमा केलं. अकरा वर्षं मी ते तसंच चालू दिलं. वैताग येतो तो याचा. त्या कारकुनाचा राग येत नाही, माझ्या नावे चाललेल्या या हळवेपणाचा येतो.

अक्का आनेकलला एका कपड्यांच्या कारखान्यात लागली. उभं राहून शिवलेल्या शर्टांचे धागे कापायचे. गुडघे गेले. शॉपमधली बाकीची सतरा माणसं अजून तिथेच आहेत, सावलीत. आणि ही बाई दर हिवाळ्यात, अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याचा, हंगाम आला की, भावाच्या शेतातल्या शेंगांची पिशवी घेऊन माझ्या घरी येते. का, तर सर शेवटपर्यंत माझ्यासाठी भांडले. माझी बायको दाणे सोलून उसळ करते आणि म्हणते, "किती माया आहे हिची." मी ती उसळ खातो. पुन्हा वाढली तरी नको म्हणत नाही, कारण नको म्हटलं तर का ते सांगावं लागेल.

यंदा ती आली नेमकी त्या रविवारी, सकाळी नऊला, आम्ही निघायच्या तयारीत असताना.

"आता बायकांना बस फुकट आहे ना सर," ती हसत म्हणाली. "म्हणून लवकर आले. गर्दीच्या आधी जागा मिळते, गुडघे वाचतात."

बायको म्हणाली, "आम्ही मंडळात चाललोय. तुम्हीही चला, सिनेमा आहे. तिथेच जेवून जा."

मी म्हणालो, "त्यांना कंटाळा येईल. भाषा कळणार नाही."

"भाषा तुम्हाला तरी कुठे कळते," बायको म्हणाली. "तुम्ही तर अर्धा वेळ खाली कप धूत असता."

ती सहज बोलली. मला वाटलं हिला सगळं माहीत आहे. मग तिने चपला शोधायला सुरुवात केली, तेव्हा कळलं की काही माहीत नाही.

सभागृहात आम्ही शेवटच्या रांगेत बसलो, मी भिंतीकडे दिव्याच्या बटनापाशी, म्हणजे मला सोयीचं. मध्ये बायको, पलीकडे अक्का. ठरलेली जागा जवळ आली तसा मी बटनाकडे हात नेला. तेवढ्यात दारातून अण्णांनी खूण केली, थांब. ते वाकून माझ्यापर्यंत आले. "खारा भात अजून आलेला नाही. वाटेत आहे म्हणतोय. चालू ठेव, वीस मिनिटं."

"अण्णा, इथेच थांबायचं असतं."

"कुणी सांगितलंय? लोकांना उपाशी उठवू? स्वल्प धीर धर की रे."

आणि टेबल आलं.

या वेळी मी उठू शकलो नाही. उठायचं तर दोघींच्या पायांवरून जावं लागलं असतं, आणि अक्का गुडघे आखडू शकत नव्हती. मी बसून राहिलो. नावं वाचली जात होती. पेन्सिल चालत होती. म्हातारी आली. कारकून पुढे वाकला.

मी पडद्याकडे पाहिलंच नाही. अक्काकडे पाहत होतो. ती लक्ष देऊन बघत होती, एखाद्या ओळखीच्या ऑफिसात आल्यासारखी.

शेवटी खारा भात आला. दिवे लागले. ताटली हातात घेऊन ती मला म्हणाली, "सर, तो टेबलावर लिहिणारा माणूस वाईट नसेल हो. किती हळू बोलत होता. त्याला पण यादी वरूनच आली असणार. त्याच्या हातात काय आहे?"

मी म्हणालो, "भात गरम आहे, सावकाश खा."

हे मी म्हणालो. आयुष्यात एवढी उघडी जागा पुन्हा मिळणार नाही अशी जागा तिने स्वतः करून दिली, आणि मी भाताबद्दल बोललो.

उरलेला सिनेमा मी पाहिला नाही. खाली जाऊन कप धुतले. शेवटी अण्णांनी माझ्या हातात माईक दिला आणि मी नेहमीचंच बोललो, माणसाने माणसाचं काय केलं वगैरे. पहिल्या रांगेतल्या एका नव्या मुलीने डोळे पुसले. टाळ्या झाल्या. अक्कानेही वाजवल्या, काय बोललो ते कळलं नव्हतं तरी.

दोन वाजता मी तिला संपिगे रोडच्या स्टॉपवर पोचवायला गेलो. बस यायला दहा मिनिटं लागली. दहा मिनिटं म्हणजे खूप असतात. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा तिने नातवाचं सांगायला सुरुवात केली. तो आता सहावीत आहे. त्याच्याच जन्माचे ते नऊ दिवस. दुसऱ्यांदा बसच आली. "उजव्या बाजूला बसा, ऊन लागणार नाही," मी म्हणालो. ती डाव्या बाजूला, स्टॉपकडे बसली, म्हणजे खिडकीतून मला हात करता यावा.

घरी आलो तेव्हा बायको शेंगा सोलत होती. म्हणाली, "या वर्षी दाणा छान भरलाय."

आता हे लिहितोय, तर त्यातही माझी लबाडी मला दिसते. हे मराठीत आहे. अक्काला मराठी वाचता येत नाही. म्हणजे मी कबुली देतोय ती अगदी सुरक्षित जागी, जिच्यापाशी द्यायची तिला सोडून बाकी सगळ्यांपाशी. बायको हे वाचेल, अण्णा वाचतील, आणि अण्णा बहुधा म्हणतील की पुढच्या वर्षी हेच वाचून दाखव. वाचून दाखवणार नाही. आणि मध्यंतर कुठे घ्यायचं तेही आता दुसऱ्या कुणी ठरवावं.

आनेकलला जाणारी बस मॅजेस्टिकच्या बसस्टँडवरून मिळते. मला तिचं घर माहीत आहे. तिला कानडीत तीन वाक्यं सांगायची आहेत: यादी वरून आली नव्हती. तुमचं नाव मी लिहिलं. ते नऊ दिवस माझ्या परवानगीचे होते आणि मी ते लपवले. एवढं मी तिचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.