तीन काळी टोकं

माझ्या धाकट्या भावाचा ट्रक जुना, डिझेलच्या दोन टाक्यांचा. डावी टाकी संपत आली की डॅशबोर्डवरचा खटका दाबून उजवी चालू करायची. तो खटका जळला, म्हणून मेटगळ्ळीत तो ट्रक लावतो त्या शेडमध्ये आम्ही दोघांनी नवा बसवला. टॉर्च मी धरली. वायर एकाच रोलमधली, सगळी काळी.

दुसऱ्या दिवशी मंडपाचं सामान आणायला तो एच. डी. कोटे गावाच्या पुढे निघाला. माझ्या बँकेला सुट्टी होती, मीही सोबत गेले. परतताना, उन्हं कललेली असताना, जंगलालगतच्या रस्त्यावर गाडी गचके देऊ लागली. भावाने खटका उजवीकडे दाबला. काहीच झालं नाही. इंजिन बंद पडलं, आणि त्या शांततेत पुढच्या वळणावर बांबू मोडल्याचा आवाज आला.

हत्तीण रस्त्यावर आली. तिच्या मागे पिल्लू.

"सुम्ने बस, अक्का," भाऊ पुटपुटला. गप्प राहायला आमच्या घरात असंच सांगतात.

तो वाकून डॅशबोर्डखाली शिरला. हादऱ्यांनी खटक्याच्या वायरी निसटून लोंबत होत्या. तीन टोकं. एकातून वीज येणार, दुसरं डाव्या टाकीच्या पंपाचं, तिसरं उजव्या. कुठलं कुठलं, त्याला आठवेना.

"दोन-दोन जोडून बघतो. पंप कुठे वाजतो ते ऐक."

पहिल्या जोडीला काहीच वाजलं नाही. दुसऱ्या जोडीला माझ्या पायाखालून घरघर आली.

"डावा," मी म्हटलं. ती टाकी तर कोरडी होती.

हत्तीण चार पावलं पुढे आली. मी भावाच्या पाठीवरून सरकून त्याच्या बाजूच्या खिडकीला कान लावला. पंपाआधी तिचा फुत्कार ऐकू आला. मग खालून बारीक घरघर.

"उजवा. हाच."

"मग तूच धर. सोडू नको."

टोकं इतकी आखूड की पीळही बसेना. वरचं प्लास्टिक चिमटीत पकडून मी ती एकमेकांवर दाबून धरली. भावाने स्टार्टर मारला. इंजिन नुसतंच फिरलं. त्या आवाजासरशी हत्तिणीचे कान फाकले, सोंड वर गेली.

"थांबू का?" त्याने विचारलं.

"मार."

दुसऱ्यांदाही नाही. ती आता धावत येत होती. मी मनाला एवढंच बजावत होते की टोकं सुटता कामा नयेत. तिसऱ्यांदा इंजिन धरलं. भावाने मागे न बघताच गाडी रिव्हर्समध्ये टाकली. थोडं अंतर धावून ती थांबली, पिल्लाकडे वळली. आम्ही मात्र मागे जातच राहिलो, मागून बसचा हॉर्न ऐकू येईपर्यंत.

बसवाल्याने हात करून थांबायला सांगितलं. समोरचा रस्ता मोकळा झाल्यावर तो पुढे निघाला, आम्ही त्याच्या मागोमाग. एच. डी. कोटे गावात शिरल्यावर भावाने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

"सोड आता, अक्का."

मला सोडता येईना. त्याने माझं एकेक बोट हळूच उघडलं. मग त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

घरी उशीर का झाला, असं आईने विचारलं.

"गाडी बिघडली होती," तो म्हणाला. मी ताटं घ्यायला आत गेले.