टिकारामचं रडण्याचं सोंग

कारध्याचा टिकाराम सोंगाड्या होता, पण तो मंडईपुरता. एरवी धानाची शेती आणि उन्हाळ्यात वैनगंगेच्या रेतीत टरबुजाची वाडी. दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरायची, भैय्याजी शाहिराची खडी गंमत, म्हणजे तिकडचा तमाशा, भरदुपारी उभी राहायची, आणि लोक आधी विचारायचे, "टिकाराम आला का?"

त्याचं गाजलेलं सोंग तेरवीचं, म्हणजे तेराव्याच्या जेवणाचं. डोक्यावर पदर घेऊन तो विधवा व्हायचा, ऊर बडवून रडायचा, आणि रडता रडताच पंगतीकडे वळून ओरडायचा, "कढी वाढा व मामाजीले!" पंगतीत बसलेल्या गड्यांच्या तोंडी मेलेल्याचं नावही नसायचं. वडे कडक झाले, बुंदी कमी पडली, एवढंच. शेवटी एक जण ढेकर देऊन विचारायचा, "मेलं कोन गा?" लोक पोट धरून हसायचे. काही म्हातारे मात्र मान खाली घालायचे.

हे सोंग कुठून आलं ते भैय्याजीलाही ठाऊक नव्हतं. टिकाराम लहान असताना त्याचा बाप कॉलऱ्यात गेला, तेव्हा त्याची आई सत्यभामाबाई तेरवीच्या पहाटे चुलीपुढे वडे थापत अशीच रडली होती. गावानं जेवून वर नावं ठेवली. ती बोलणी टिकारामच्या डोक्यात राहिली आणि आईचा सूरही. रडताना तिचा श्वास मध्येच अडकायचा, उचकीसारखा. ती उचकी त्यानं जशीच्या तशी उचलली होती. सत्यभामाबाईनं ते सोंग पाहिलं नव्हतं. नवरा गेल्यापासून ती मंडईला गेलीच नव्हती.

चौऱ्याऐंशी साली नागपूरहून टीव्हीवाले आले. वेळ थोडा आहे, तुमचं सगळ्यात चांगलं तेवढंच करा, म्हणाले.

"पंगत घे, रडनं कमी कर," भैय्याजीनं सांगितलं.

"लोक रडन्यालेच हासतेत, शाहीर. पंगत काढून टाका," टिकाराम म्हणाला. आणि त्या दिवशी तो रडला, तसा कधी रडला नव्हता.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या पडवीत सारं गाव जमलं. टिकारामची बायको चंद्रकला सासूला हात धरून घेऊन आली. "पोराले पाहा, माय." सुरुवातीला हशा झाला. मग त्या वर्षीच्या पावसाळ्यात नवरा गेलेली रुखमा उठली आणि तोंडात पदर कोंबून निघून गेली. हसणं थांबलं. पडद्यावर ना पंगत होती, ना ढेकर. लुगडं नेसलेला एक पुरुष विधवेच्या रडण्याची नक्कल करत होता, बस. सत्यभामाबाई शेवटपर्यंत बसून होती.

मग भडका उडाला. भंडाऱ्यात बायांनी मोर्चा काढला. लाखांदूरच्या एसटी स्टँडवर टिकारामचा पुतळा जाळला. वर्षानुवर्षं त्याच सोंगाला हसलेले लोक आता सगळ्यात मोठ्यानं बोलत होते. "आयाबहिनीच्या दुःखाची टवाळी करतं का बे?" घराच्या छपरावर, कवेलूंवर दगड पडले. मंडईवाल्यांनी भैय्याजीला बजावलं, तुमचा फड आणा, पण तो नको.

टिकाराम रुखमाच्या दारात गेला आणि हात जोडून उभा राहिला.

"मले राग नाही, भाऊजी," ती म्हणाली. "पन आता रडाची लाज वाटते. कोनी आयकून हासन, असं वाटते."

घरी आई त्याच्याशी बोलत नव्हती. शेवटी तोच तिच्यापुढे बसला. "माय, मी तं त्या जेवनाऱ्याईले हासत होतो."

"मंग ते काहून नाही दाखवले?"

मग तीच पुढे म्हणाली, "तुहा बाप मेला तवा, वडे थापतानी, तू माह्यापाशी झोपला होता असं मले वाटे. म्हनून मी रडली. तू तं आयकत होता."

त्यानंतर त्यानं पायात चाळ बांधले नाहीत. भैय्याजीनं दुसरा सोंगाड्या उभा केला. वर्षं गेली, घराघरांवर अँटेना आले, लोक रोज काही ना काही पाहून हसू लागले. मोर्चाचं कोणाला आठवेना. एका दिवाळीनंतर शहापूरचे मंडईवाले स्वतः कारध्याला आले. "चाल बाप्पा, तुह्याबिगर मजा नाही."

टिकारामनं आईकडे पाहिलं. "जाय," ती म्हणाली.

तो गेला. पटवाऱ्याचं सोंग केलं, लोक हसले. मग मागून कोणी ओरडलं, "तेरवी!" मग सगळेच. "तेरवी! तेरवी!" पुतळा जाळणाऱ्यांपैकी एक जण पुढेच शिट्टी वाजवत होता. ढोलकीवाल्यानं ताल धरला. टिकारामनं सवयीनं लुगडं गुंडाळून पदर डोक्यावर घेतला, तोंड उघडलं, आणि त्यानं सूर काढायच्या आधीच बैलगाड्यांवर बसलेल्या बाया हसू लागल्या.

त्यानं लुगडं काढलं, घडी करून भैय्याजीच्या हातात दिलं आणि खाली उतरला. मागे लोक बोंबलत होते. तो रस्त्यानं चालत कारध्याला आला.

सत्यभामाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. "झाली का गंमत?"

"झाली," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकवलेलं दुसरं सूप घेऊन तिच्या शेजारी बसला.