चवीची नोकरी

आमच्या संघपालदादाला जन्मतःच दोन गोष्टी जरा जास्त मिळाल्या: जीभ आणि पाय. चहाचा एक घोट घेऊन तो सांगायचा, पाणी विहिरीचं की नळाचं. माझ्या सासरी, इंदापुरात, पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा माझ्या सासूबाईंना तोंडावर म्हणाला, आमटीतलं खोबरं खवट आहे. होतंच ते खवट. पण बोलणी मी खाल्ली, तीही महिनाभर.

पायांचं म्हणाल तर भिंगरी. डाळजमधल्या आमच्या लोकांतला पहिला बी.एस्सी., तोही केमिस्ट्रीचा. आधी शाळेच्या प्रयोगशाळेत लागला, सोडलं. दूध डेअरीत फॅट तपासायला लागला, सोडलं. लोणी देवकरला एका कंपनीत लागला, तिथल्या साहेबाचं खाकरणं सहन होत नाही म्हणून तेही सोडलं. विचारलं की म्हणायचा, "जीव रमंना, अंजे." जसा काही जीव रमवायलाच लोक कामाला जातात! करुणावहिनी मात्र दर नव्या नोकरीला तेवढ्याच उत्साहाने डबा भरायची.

वहिनीचे वडील बौद्धाचार्य. लहानपणापासून त्यांच्या मागे फिरून तिचं पाली अगदी स्वच्छ झालं होतं. ती लग्न होऊन आली आणि डाळजच्या विहारात दर पौर्णिमेला पंचशील द्यायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. ती आधी म्हणायची, मागून सगळे. आमची तुळसाआत्या उभ्या जन्मात कुणाचं ऐकणारी बाई नव्हे, पण तीही हात जोडून वहिनीच्या मागे म्हणायची.

लग्नाला चार वर्षं झाली तरी दादाने तिला कुठे म्हणून नेलं नव्हतं. त्र्याण्णव सालच्या हिवाळ्यात एकदम म्हणाला, "चल, दोन दिस फिरून येऊ." लोक बायकोला महाबळेश्वरला नेतात. हा एम-एटीवर बसवून निघाला डिस्टिलरी दाखवायला! बारामतीकडे कॉलेजातला मित्र होता एका ठिकाणी. साखर काढून उरलेली काळी चिकट मळी टाक्यांत कशी फसफसते, तांब्याच्या उंच खांबातून स्पिरिट कसं पाण्यासारखं स्वच्छ उतरतं, सगळं त्या मित्राने हात नाचवत दाखवलं. कोठाराला दोन कुलपं होती, एक कारखान्याचं आणि एक दारूबंदी खात्याचं. वहिनीला त्याचं हसू आलं. दादा परत परत सांगत होता, "ह्यो माल औषधाला जातो, रंगाला जातो. ही काय दारू न्हवं." तिने काही विचारलंच नव्हतं.

दुपारी भिगवणला मासे खाल्ले. वहिनी सांगते, तळलेली चिलापी समोर आली तरी दादाचं चित्त ताटात नव्हतं. मरळीच्या रश्शात चिंच आहे की आमसूल, हे तिने मुद्दाम विचारलं, तर म्हणाला, "असंल कायतरी." तेव्हाच तिला कळलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

रात्री मुक्काम माझ्याकडे. मी हौसेने मटण आणि बाजरीची भाकरी केली होती. दादाने मीठ जास्त-कमी काहीही न म्हणता जेवण उरकलं. मग ओट्यावरून दारात, दारातून ओट्यावर. गाडीची किल्ली सारखी खिशातून काढायचा, परत ठेवायचा. मी म्हटलं, "दादा, बस की जरा, माझीच मान दुखायला लागली." बसला, आणि लगेच उठला. त्याला बघून मलाच धड झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी इंदापूर तालुक्यातली दुसरी डिस्टिलरी. इथे नुसतं स्पिरिट नव्हतं, पुढच्या खोलीत त्याची व्हिस्की व्हायची. रंग, अर्क, पाणी, सगळं मापात. तिथले मुख्य केमिस्ट आप्पासाहेब दिलखुलास गृहस्थ. वहिनीला खुर्ची दिली, चहा मागवला आणि कौतुकाने म्हणाले,

"वहिनी, तुमच्या मालकांची जीभ म्हंजी सोनं हाय. मागल्या म्हयन्यात तीन गिलास ठिवले म्होरं, एकात माल निराळा. पयल्याच फटक्यात वळाखला गड्यानं! म्या तवाच सांगितलं, एक तारखंपासनं या. रोज चव बघायची, एवढंच काम."

दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागला. हा सगळा फेरफटका कशासाठी होता ते वहिनीला त्या क्षणी कळलं. चहाचा कप तिने तसाच खाली ठेवला.

"प्यायला तुमी?" तिने विचारलं.

"न्हाय गं! प्यायची नसती ती. जिभंवर घ्यायची, घोळवायची आन् थुकून टाकायची. एक थेंब पोटात जाऊ दिला न्हाय. पाचवं शील कुठं मोडलं?"

मला वाटतं, महिनाभर त्याने हेच वाक्य घोकलं असणार. वहिनी आप्पासाहेबांकडे वळली.

"ह्या बाटल्या कुठं जात्यात, सायेब?"

"लय लांब लांब जात्यात. तुमच्या भिगवणातबी मिळंल की."

"आन् ती मानसं? ती थुकत्यात का?"

आप्पासाहेब हसायला गेले आणि मधेच थांबले. त्यांनी टेबलावरचे ग्लास उगाच सरळ केले आणि बाहेर कुणाला तरी हाक मारत निघून गेले.

परत येताना वाटेत दादाच बोलत राहिला. पगार चांगला आहे. पाळी ठरलेली आहे. केमिस्ट्री शिकल्याचं सार्थक होईल. आणि शेवटी गाडी कडेला घेऊन म्हणाला, "करुणा, आजवर कुठं माझा जीव लागला न्हाय. हितं लागला. त्या तीन गिलासांम्होरं हुभा राह्यलो आन् वाटलं, मी ह्याच्यासाठीच जन्मलो. तू नको म्हण, मी जात न्हाय."

म्हणजे बघा! सगळं ठरवून झाल्यावर ओझं बायकोच्या डोक्यावर.

वहिनी म्हणाली, "मी कवा न्हाय म्हणलं? जावा."

एक तारखेला दादा कामावर रुजू झाला. डाळजहून रोज गाडीवर जायचा, यायचा. आणि खरं सांगते, माणूस पार बदलला. घरी आला की एका जागी बसायचा. रात्री गाढ झोपायचा. आईने आनंदाने गल्लीत पेढे वाटले.

माघी पौर्णिमेला मी माहेरी होते. डोकं दुखतंय म्हणून वहिनीला घरी बसता आलं असतं. पण खोटं बोलायचं नाही हे चौथं शील, आणि ते तिच्याकडे शाबूत होतं. ती विहारात आली आणि मागे, चपलांजवळ बसली. तुळसाआत्याने दंडाला धरून तिला पुढे आणलं. वहिनीने हात जोडले. पहिलं शील म्हटलं, दुसरं, तिसरं, चौथं. आवाज नेहमीसारखाच खणखणीत. मागून आम्ही सगळे. पाचव्याला ती थांबली.

कुणीतरी खोकलं.

"म्हण की म्होरं," आत्या म्हणाली. "इसारलीस व्हय गं?"

"न्हाय आत्या. हे शील माझ्या घरात रोज मोडतंय. त्यावर मी जेवती. मी तुमाला ते कसं देऊ?"

बायका माना वळवून पुरुषांच्या बाजूला बसलेल्या दादाकडे बघायला लागल्या. मग आत्यानेच बोळक्या तोंडाने, चुकतमाकत पाचवं शील म्हटलं आणि सगळे तिच्या मागून म्हणाले. दोनच माणसं गप्प होती. एक मोडणारा, आणि एक जिने काहीच मोडलं नव्हतं ती.

बाहेर आल्यावर मी दादाला गाठलं. राग माझ्या नाकावरच असतो, त्या दिवशी तर तो मावत नव्हता.

"आजवर कारण नसताना नोकऱ्या सोडल्यास. आता कारण हाय, तर सोड की!"

तो खाली बघत म्हणाला, "काल म्हणलो मी तिला, सोडतो. तर म्हणली, नका. तुमचा पाय पयल्यांदा जाग्यावर ठरलाय. त्याचं जे काय हुईल ते मी सोशीन."

"आन् तू?"

"मी काय, अंजे," दादा म्हणाला, "मी ऐकलं तिचं."

पहिल्यांदाच ऐकलं त्याने बायकोचं, आणि तेही नेमकं हे. वहिनी चपला घालून आली, गाडीवर त्याच्या मागे बसली आणि पदर खोचून घेत त्याला म्हणाली, "चला, तुमची दुसरी पाळी हाय."