करकोच्याचं गाणं कुणाचं

दोन्काची सगळी गाणी कोठीत झाली. भाजक्या मिरच्यांच्या आणि आंबवलेल्या कोबीच्या बरण्या, त्यांच्यामधे एक स्टूल, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर टांगलेले सासूबाईंचे लोकरी गालिचे आणि मांडीवर वडिलांची जुनी तांबुरा, लांब दांड्याचं तारांचं वाद्य. दिवसभर ती शिवणकारखान्यात पँटींना खिसे लावायची. संध्याकाळी कोठीचं दार लावून गायची, फोनवर रेकॉर्ड करायची आणि नेटवर टाकायची. ऐकणारे सगळे मिळून चाळीस.

पण ते चाळीस जण चिकटून होते, ते गाण्याआधी ती जे सांगायची त्यासाठी. "हे गाणं शेजारच्या इवानिचकाच्या बकरीचं. तिने माझी लग्नातली ओढणी खाल्ली." किंवा, "हे माझ्या नवऱ्याच्या, पेन्योच्या फोनांचं. तो स्पेनला गवंडीकामाला गेला. यातलं प्रत्येक कडवं आधीच्यापेक्षा लहान आहे, ते मुद्दाम." शेवटचं कडवं अर्ध्या ओळीचं होतं.

एकाच गाण्याआधी ती काही बोलायची नाही. त्याच्याखाली नुसतं लिहिलेलं असायचं: लोकगीत, गाना आजीकडून, गोर्ना लाका.

गाना ही स्लावकाची आजी, गोर्ना लाका तिचं गाव. आणि स्लावका ही दोन्काची कुमा. दोन्काच्या लग्नात साक्षीला पाठीशी उभी राहिलेली तीच आणि पुढे मुलगी झाल्यावर बाप्तिस्म्याला तिला हातांवर धरणारीही तीच. बाल्कन डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात सख्ख्या बहिणीशी अबोला चालतो, कुमाशी चालत नाही.

मुलीचं नाव बिलियाना. मार्चच्या एक तारखेला सगळ्या गावासारखा दोन्काने तिच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला. पहिला करकोचा दिसला की तो सोडून फुललेल्या झाडाला बांधायचा. वीस तारखेला बिलियाना तापाने गेली. चार महिन्यांची होती. करकोचे पंचवीस तारखेला आले.

सासूबाई म्हणाल्या, "तान्ह्या पोरीसाठी कुणी गळा काढत नाही." म्हणून दोन्का कोठीत जाऊन रडायची. त्या रडण्याचंच पुढे गाणं झालं:

*दोरा तुझा सोडू कसा,
करकोचा आला, तू नाहीस.*

ते पहिल्यांदा ऐकलं स्लावकाने. तीही त्याच बरण्यांच्या मधे बसून दोन्काइतकीच रडली, हे खोटं नाही.

सात वर्षांनी दोन्काने कॅसेट केली आणि जिल्ह्याच्या रेडिओला पाठवायची ठरवली. तेव्हा स्लावकाच म्हणाली, "स्वतःचं म्हणून लिहू नकोस. शिवणकाम करणाऱ्या बाईचं गाणं कोण लावणार? लोकगीत लिही. त्यांना एक म्हातारी आणि एक गाव लागतं. माझ्या आजीचं नाव घाल, ती मेलीय, तिची काही हरकत नाही." दोन्का हसली आणि तिने तसंच लिहिलं. गाणं दोनदा लागलं. त्या भागात निम्म्या गाण्यांच्या आज्या अशाच जन्माला आल्या होत्या, कुणाला त्यात पाप वाटत नसे.

गेल्या शरदातल्या लोकगीतांच्या मोठ्या जत्रेत स्लावका भरतकामाचा आजीचा एप्रन बांधून मंचावर उभी राहिली. दोन्का इवानिचकाच्या घरी टीव्हीसमोर भाजलेल्या मिरच्या सोलत होती.

"हे गाणं माझ्या गाना आजीने मला चुलीपाशी शिकवलं," स्लावका म्हणाली. तिने डोळे पुसले आणि गायली. चांगली गायली. तिला पहिलं बक्षीस मिळालं.

दोन्काच्या हातातली मिरची तशीच राहिली. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कुमाकडे गेली.

"ये ये, बस. बघितलंस ना? एप्रन जरा घट्ट झाला होता," स्लावका कॉफी ओतत म्हणाली.

"कुमा, ते बिलियानाचं गाणं आहे."

"तूच लिहून दिलंस की गाना आजीचं म्हणून. तुझ्या हाताने. मी काय खोटं बोलले?"

"लिही म्हणून सांगितलं कुणी?"

"तुझ्या भल्यासाठीच सांगितलं. हे बघ दोन्के, तू कोठीत गातेस, चाळीस माणसं ऐकतात. मी गायले, देशाने ऐकलं. पोरीलाही बरंच वाटलं असेल."

दोन्का कॉफी तशीच ठेवून उठली. गाणं चोरलं असतं तर एक वेळ गिळलं असतं. पण जिने पोरीला हातांवर धरलं होतं, तिनेच तिला तिच्या गाण्यातून पुसून टाकलं. केसाने गळा कापतात तो असा. आणि बोंब मारायची सोय नाही, कारण कागदावर अक्षर स्वतःचं.

मग मार्च आला. बिलियानाला जाऊन तीस वर्षं होत होती.

त्या गावात मेलेल्यांच्या आठवणीचे कागद लावतात, खांबांवर, फाटकांवर, बस थांब्यावर. फोटो, नाव, किती वर्षं झाली, आणि खाली चार ओळी. लोक पेपराआधी ते वाचतात. बिलियानाचा कागद कधीच लागला नव्हता. सासूबाई म्हणाल्या होत्या, लोक हसतील. आता सासूबाईही नव्हत्या.

दोन्काकडे मुलीचा एकच फोटो होता, बाप्तिस्म्याचा.

"बाळाला धरलेली ही बाई कापून टाकू?" छापखानेवाल्याने विचारलं.

"नको. राहू दे तिला."

फोटोखाली तिने पूर्ण गाणं छापून घेतलं. त्याखाली: *आईने रचलं, बिलियानासाठी, करकोचे आले त्या आठवड्यात.* वीस तारखेच्या सकाळी तिने चाळीस कागद लावले. शेवटचा स्लावकाच्या फाटकावर.

असा कागद कुणी फाडत नाही. फाडला तर मेलेल्याचा शाप लागतो. तो पावसाने आणि उन्हानेच जायचा.

स्लावका पावासाठी बाहेर पडली तेव्हा इवानिचका फाटकापाशी उभी राहून बोट ठेवून वाचत होती. ओळी ओळखीच्या वाटल्या तशी ती गुणगुणू लागली आणि मधेच थांबली. फोटोकडे बघितलं, मग स्लावकाकडे.

"या तुम्हीच ना, स्लावकाबाई?"

स्लावकाचा हात कागदापर्यंत गेला. कोपरा जरा सुटला होता. इवानिचका बघत होती, समोरून पोस्टमनही बघत होता. स्लावकाने तो कोपरा अंगठ्याने दाबून परत चिकटवला.

"हो," ती म्हणाली, "मीच धरलंय तिला."