शिमो आजीचा खडक

नुईला पाण्याखाली दम धरता यायचा, पाण्याबाहेर मात्र तोंड बंद ठेवता येत नसे.

शिमाच्या किनाऱ्यावर तिच्या तोडीची पाणबुडी बाई दुसरी नव्हती. बासष्टाव्या वर्षीही ती सात पुरुष खोल जाऊन आवाबी शिंपले खरवडून आणायची. आवाबी सापडतो तो खडक प्रत्येकीचा आपापला. तो सांगायचा नाही, पोटच्या लेकीलासुद्धा नाही, आपण समुद्र सोडेपर्यंत.

नुईचा खडक मुळात शिमो आजी या जुन्या पाणबुडीचा. म्हातारी पाण्यावर आली की किनाऱ्याकडे दोनदा मान वळवायची: आधी टेकडीवरचं वाकडं झाड, मग देवळाच्या छपराचं टोक. दोन्ही जुळली की खाली खडक. सव्वीस वर्षांच्या नुईने ते बरोबर हेरलं. पुढे म्हातारीचा भाऊ वारला. सुतकातल्या बाईने समुद्रात उतरायचं नाही ही तिथली रीत, आणि तेवढ्या दिवसांत नुईने खडकावरचे सगळे आवाबी काढून नेले.

शिमो आजी गेल्यावर नुई हा किस्सा पाणबुड्या बायांच्या झोपडीतल्या शेकोटीपाशी मान वळवून, नक्कल करून सांगायची. "सुतक फिटल्यावर म्हातारी उतरली, रिकामं टोपलं घेऊन आली नि माझ्याच शेजारी बसली. वर मला भाजलेलं रताळं दिलं गं! काही पत्ताच नाही बिचारीला!" बाया पोट धरून हसायच्या. सगळ्यात मोठ्याने हसायची ती तोकिए, नुईची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण.

यंदा नुईने तो खडक सुनेला द्यायचा ठरवला होता. चिनामी शहरातली नोकरी सोडून पाणबुडी व्हायला आली होती. पोरीच्या पहिल्या हंगामाला भरलेला खडक मिळावा म्हणून तीन वर्षं नुई तिथे नुसती बघून यायची, हात लावायची नाही. नेमका हंगाम उघडायच्या तोंडावर तिचा नवरा कांजी गेला. एकोणपन्नास दिवसांचं सुतक.

"तू घरी बस, नीट रडून घे," तोकिए तिला कुशीत घेऊन म्हणाली. "शेकोटीजवळची तुझी जागा मी सांभाळते."

नुईला तेवढ्यानेही भरून आलं होतं.

सुतक फिटायच्या जेवणाला तोकिए ताटाएवढा आवाबी घेऊन आली. पाहुणे वाहवा करू लागले. चिनामीने तो चिरायला घेतला, नुईने रिकामा शिंपला धुवायला उचलला, आणि तिचा हात तिथेच थांबला. काठावर एक खाच होती. चार वर्षांपूर्वी तिचीच खरवडायची लोखंडी पट्टी निसटून पडलेली. "वाढ बाबा अजून," म्हणून तिने त्याला सोडून दिलं होतं.

तिने तोकिएला मागल्या दारी गाठलं.

"कुठला गं हा?"

तोकिएने आढेवेढे घेतले नाहीत. उलट तिचे डोळे चमकत होते, मनासारखा डाव साधलेल्या माणसाचे चमकतात तसे. "आधी झाड, मग देऊळ. तूच तर शिकवलंस! वर आलीस की तूसुद्धा तश्शीच मान वळवतेस, माहितेय?"

"किती उरलेत?"

"बारीकसारीक आहेत की."

"माझ्या चिनामीसाठी ठेवले होते गं ते. मी नवऱ्याच्या सुतकात होते, तोकिए."

"शिमो आजीही सुतकातच होती," तोकिए म्हणाली, आणि हसली. शेकोटीपाशी हसायची तेच हसू.

नुईला वाटलं, हातातला शिंपला हिच्या तोंडावर फेकावा. चाळीस वर्षांच्या मैत्रीचं हे फळ! पण आत पाहुणे वाट बघत होते. ती आत गेली, भाताचा वाडगा भरला आणि तोकिएच्या पुढे ठेवला.

"घे, गरम आहे," ती म्हणाली.

"आई, तुमचे हात थरथरतायत," चिनामी हळूच म्हणाली.

नुईने हात मांडीखाली घेतले. ते रताळं तिला आठवलं. म्हातारीने सोलून, अर्धं करून दिलं होतं, आणि तिचेही हात थरथरत होते. नुईला तेव्हा वाटलं होतं, थंडीने असतील.