दुसरा पाट

रोहण्याला मामाकडे भाऊबीज असली की आई दोन पाट मांडायची. एक मामाचा, एक त्याच्या मित्राचा. मित्र आर्वीच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांना बहीण नाही, म्हणून आई त्यांनाही ओवाळायची. मामाने लग्न केलं नाही. बाबा गेल्यावर आम्हा दोघी बहिणींना त्यानेच शिकवलं. तीस वर्षं दर रविवारी मित्र एसटीने मामाकडे यायचे. ते एकमेकांचे कोण आहेत हे आम्हा तिघींना ठाऊक होतं. घरात त्यावर कधी कुणी बोललं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या दुपारी धाकट्या बहिणीचा नवरा मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, "ताई, हे समलिंगी लोक पोरं जन्माले घालत नाईत. मंग उत्क्रांतीत टिकले कसे? निसर्गाच्या विरोधातच हाय हे."

मी वर्ध्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. कुणी असं बोललं की मला राहवत नाही. मी म्हटलं, स्वतःची पोरं नसली तरी बहिणीची पोरं जगवली, तर घराण्याची जनुकं पुढे जातातच. या तर्कावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, हे वर्गात मी न चुकता सांगते. त्या दिवशी ते सोयीस्करपणे गिळलं.

"किताबी गोष्टी नका सांगू," जावई हसला. "एखादं उदाहरण द्या."

"आपला मामाच घ्या. तो तसाच आहे. संसार केला असता तर आम्हाला शिकवलं असतं का त्यानं?"

जावयाने डोकं पुन्हा मोबाइलमध्ये घातलं. मी जिंकले होते आणि, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मग मान वळवली. मामा चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मागे मित्र, हातात साखरेचा डबा. त्यांनी डबा खाली ठेवला, पिशवी उचलली, आईला "येतो" म्हणाले आणि स्टँडकडे निघाले. बसला अजून दीड तास होता.

मामाने सगळ्यांना चहा दिला. माझा कप देताना हळूच म्हणाला, "बाई, तुमच्यावर जीव होता मनून शिकवलं. त्याच्यासाठी मले असं जन्माले यायची गरज नोती." मग त्याने दारात राहिलेल्या साखरेच्या डब्याकडे बघितलं. "आन् तुह्या थेरीत तो कुठी बसते?"

मामाच्या आयुष्यातलं माझ्या उपयोगाचं तेवढं मी उचललं होतं. ज्याच्यासाठी तो दर रविवारी दाढी करून बसायचा, तो माणूस मला आठवलाही नव्हता. दुसऱ्या दिवशी आर्वीला जाऊन मी माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, माझ्या पोरांची चौकशी केली. रोहण्याला मात्र ते पुन्हा आले नाहीत. आता रविवारी मामाच आर्वीला जातो.

पुढच्या भाऊबीजेला आईने सवयीने दोन पाट मांडले. मामाने दुसरा उचलून भिंतीला टेकवला. जावयाला माझं म्हणणं पटलं असावं. त्यानेच आपुलकीने विचारलं, "मामाजी, सर नाई आले?"

"नाई येत आता ते," मामा म्हणाला आणि माझ्याकडे न बघता त्याने कपाळ आईपुढे केलं.