कर्ण्यांची वाटणी

आधीच सांगून ठेवतो, भूतखेत, करणी, अंगात येणं असलं काही कानावर आलं की माझं डोकं फिरतं. मी शिरवळच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. मशीन बंद पडलं तर वायर तुटलेली असते, फ्यूज गेलेला असतो, नाहीतर ऑपरेटरनं गाढवपणा केलेला असतो... चौथं कारण मी सगळ्या नोकरीत पाहिलं नाही. या सदरात लोक काय काय बघितल्याचं लिहितात, ते वाचून मी बायकोला म्हणायचो, यांना कुणीतरी झोपेची गोळी द्या. तरी आज मीच लिहायला बसलोय. कारण माझ्या बाबतीत जे घडलं त्यात एका बाईची फुकट फरफट झाली, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

आमचे वडील, अप्पा, सांगलीच्या एका थिएटरात ऑपरेटर होते. थिएटरनं साउंड बदलला तेव्हा पडद्यामागचे दोन जुने स्पीकर भंगारात निघाले. अप्पांनी ते टेम्पोत घालून घरी आणले. एकेक स्पीकर म्हणजे खाली छातीएवढं लाकडी खोकं, वर पत्र्याचा भला मोठा कर्णा, आणि कर्ण्याच्या मानेला मागून बसवलेला नारळाएवढा ड्रायव्हर. ड्रायव्हरच्या आत पातळ पडदा थरथरतो आणि कर्णा तो आवाज खोलीभर फेकतो. साधा वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर लावला तरी गवई समोर मांडी घालून बसलाय असं वाटायचं. पण दोन्ही मिळून लावले तर. एकटा स्पीकर म्हणजे नुसता आरडाओरडा.

अप्पा गेले आणि वाटणी झाली. आमचे मामा, रिटायर सुभेदार, मध्ये बसले. भांडी झाली, कपाटं झाली, मग कर्ण्यांवर गाडी अडली. मला जोडी हवी होती. माझा मोठा भाऊ, दादा, त्यालाही हवी होती... हवी म्हणजे मला मिळू नये एवढ्यापुरतीच. मामा म्हणाले, "दोन हायेत न्हवं? मग एकेक घ्या की. त्यात काय भांडायचं?"

बैलजोडीतला एक-एक बैल वाटावा तसं केलं त्यांनी. आणि आम्ही दोघं शिकली-सवरलेली माणसं, माना डोलावून मोकळे! एक स्पीकर दादाच्या सांगलीतल्या, विश्रामबागच्या घरी राहिला, एक साताऱ्याला माझ्या पुढच्या खोलीत आला. त्या दिवसापासून दादाचं आणि माझं बोलणं बंद झालं. वहिनी मधूनमधून फोन करायच्या. एकदा दादाची शुगर वाढल्याचं त्यांनी मला सांगितलं, तर दादानं घरात तमाशा केला आणि "साताऱ्याला घरातलं काही सांगणार नाही" अशी त्यांच्याकडून देव्हाऱ्यासमोर शपथ घेतली. हे पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

चौऱ्याण्णव साल असेल. दर गुरुवारी माझी सुट्टी. मी माझ्या एकट्या कर्ण्याला माणसात आणायचं ठरवलं. पत्रा ठणठणायचा म्हणून बाहेरून डांबराचा हात दिला. जुने कपॅसिटर काढून नवे टाकले. आवाज खरंच सुधारला. मग एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला आतून खर्र... खर्र... असा आवाज यायला लागला.

ड्रायव्हरची कॉईल घासली की असाच आवाज येतो. मी ड्रायव्हर खोलला, पडदा काढला, फट साफ केली, पडदा पुन्हा बरोबर मध्ये बसवला. मीटर लावून बघितलं, सगळं ठीक. तरी खर्र चालूच. अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, तरी चालू. कधीकधी सोल्डरिंगचा डाग नीट बसला नसला तर स्पीकर जवळचं रेडिओ स्टेशन पकडतो, म्हणून वायरीच काढून टाकल्या. स्पीकरला आता कशाचीही जोडणी नव्हती. तरी खर्र. बायको आतून म्हणाली, "उंदीर शिरलाय त्यात." मी खोकं उलटं केलं. उंदीर नव्हता.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी कर्ण्याच्या तोंडात डोकं घालून ऐकत बसलो. खर्र थांबली. कुणीतरी खोकलं. आणि मग अगदी स्वच्छ आवाज आला, "ही मान कापली की नवा ड्रायव्हर बरोबर बसतोय बघ."

दादाचा आवाज. त्याचा खोकलाही मी शंभरात ओळखीन.

लोक म्हणतील, भीती नाही वाटली? नाही वाटली. तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस अप्पांच्या कर्ण्याला हॅक्सॉ लावतोय! मान कापली की त्या कर्ण्याचा आवाज बदलणार आणि जोडी कायमची संपणार. मी तसाच चपला अडकवून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो आणि सांगलीला फोन लावला.

"दादा, त्या मानेला करवत लावलीस तर बघ."

पलीकडे तो आधी खोकला. मग हळू आवाजात, "तुला कुणी सांगितलं रं?"

"मला कळतं सगळं," मी म्हणालो. त्यानं फोन आपटला. आणि मी मूर्ख, विजय मिळाल्यासारखा घरी आलो. खर्र बंद झाली होती. जेवण दोन घास जास्त गेलं.

पुढच्या गुरुवारी कर्णा पुन्हा बोलला. आधी दादा, "घरात तू न् मी. मग त्याला कळलं कसं? सांग की!" मग वहिनी. रडत नव्हत्या, नुसत्या दमल्या होत्या. "देवाच्यान मी न्हाई सांगितलं ओ. कितींदा सांगू?" मग दादाचं पुन्हा तेच. शपथ मोडलीस, खोटारडी आहेस, नवऱ्यापेक्षा दीर जवळचा का... पुढचं लिहीत नाही. मी हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभा होतो. फोनवर मिरवताना मला त्या घरातल्या तिसऱ्या माणसाची आठवणसुद्धा झाली नव्हती. लाज वाटली. आणि लाज वाटली की मला आणखी राग येतो.

रविवारची पाळी सोडून मी सांगलीची एसटी धरली. दादाच्या घरी कर्णा टेबलावर आडवा, मानेत बोटभर खोल काप. मी सगळं सांगितलं. खर्र, वायरी, खोकला, सगळं. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. दादा हसला.

"तिला वाचवायला भोंग्याची गोष्ट रचून आणलीस व्हय? आरं, निदान पटंल अशी तरी आणायची."

"मग घे परीक्षा."

"घेतो. येत्या गुरुवारी दुपारी चारला मी हितं भोंग्यासमोर एक शब्द बोलणार. फकस्त मलाच ठाऊक असलेला. सव्वाचारला फोन करून सांग."

गुरुवारी साडेतीनपासून मी कर्ण्यासमोर बसलो. खिडक्या लावल्या. बायकोला शेजारी पाठवलं. चार वाजले. चार-पाच. चार-दहा. काही नाही... टाचणी पडल्याचासुद्धा आवाज नाही. मी कर्ण्याला थापट्या मारल्या, वायरी जोडल्या, काढल्या, शिव्या दिल्या. सव्वाचारला फोन करून खरं ते सांगितलं, काही ऐकू आलं नाही म्हणून. दादा एवढंच म्हणाला, "झालं समाधान?"

दुसऱ्याच दिवशी मी सेकंड शिफ्टला निघत होतो, दुपारची वेळ, डबा हातात. तेवढ्यात कर्णा बोलला. वहिनी होत्या. तोंड अगदी जवळ आणून बोलत होत्या.

"भावजी, ऐकू येतंय का? आलं तर बरं, न्हाई आलं तर न्हाई. माज्या भावाला बोलावून घेतलंय त्येंनी. मी शिराळ्याला चाललीय. तुमी आता कायबी बोलू नका. तुमी जे सांगाल ते मीच सांगितलं म्हणत्याल."

बरोबर होतं त्यांचं. हेच तर मला खात होतं! मला ऐकू येतं याचा मी जो पुरावा देणार, तो वहिनींनी चुगली केल्याचाच पुरावा ठरणार. वहिनी माहेरी गेल्या आणि मी इकडे त्या पत्र्यासमोर हात बांधून बसलो. सुट्टी असली की बसायचो, नसली की रजा टाकायचो. बायको म्हणाली, "आता तुम्हालाच डॉक्टरला दाखवायची वेळ आली." मी तिच्यावरही ओरडलो.

तिसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या आसपास, दादा बोलला. घरात एकटा होता. स्वतःशी बोलावं तसं बोलत होता.

"अप्पा, तुमी म्हणला व्हता, जोडी धाकट्याला दे, फोडू नको. मी न्हाई सांगितलं त्याला. काय बिघडलं?" मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "लय बिघडलं."

अप्पा गेले तेव्हा दवाखान्यात त्यांच्याजवळ फक्त दादा होता. मी एसटीत होतो, वहिनी घरी डबा करत होत्या. अप्पांनी माझ्यासाठी काही निरोप ठेवला होता हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणाला रडू आलं असतं. मला संताप आला. अप्पांचा शेवटचा शब्द दाबून ठेवला, वर ज्या बाईनं काही केलं नाही तिला खोटारडी ठरवून घराबाहेर काढलं! तसाच सांगलीला निघालो. कराडला गाडी बदलेपर्यंत मी दात-ओठ खात होतो.

दादा स्वयंपाकघरात होता. भात खाली लागला होता, वास घरभर. मी दारातूनच अप्पांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. पुढचं "लय बिघडलं" सुद्धा.

दादाच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. "हेबी तिनंच..." तो म्हणाला आणि थांबला. तिला माहीतच नव्हतं. आणि ती तर शिराळ्यात. तो भिंतीला टेकून खाली बसला. गॅस मी बंद केला.

त्याच दिवशी इस्लामपूरवरून आम्ही दोघं शिराळ्याला गेलो. वहिनी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. उठल्या नाहीत. दादा उभ्या-उभ्याच म्हणाला, "तू खरं बोलत व्हतीस. माझं चुकलं. चल घरी."

"कशावरनं कळलं?"

दादा माझ्याकडं बघायला लागला. मी काय ते सांगितलं.

वहिनींनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला केलं. मग म्हणाल्या, "अकरा वर्सं तुमच्या घरात हाय. देवासमोर हात ठेवून सांगितलं, तर माज्या तोंडावर इस्वास न्हाई बसला. पत्र्याच्या तोंडावर बसला." मग त्या माझ्याकडं वळल्या. "आन् तुमी भावजी. फोन केला तवा कर्ण्याची मान दिसली तुमाला. माजी न्हाई दिसली व्हय?"

आम्हाला चहा दिला त्यांनी. बरोबर आल्या नाहीत. पुढं चार महिन्यांनी आल्या, स्वतःच्या मनानं, आणि आल्या त्या दिवशी पहिल्यांदा तो स्पीकर घराबाहेर काढायला लावला. दादा स्वतः टेम्पो घेऊन साताऱ्याला आला. मी मानेतला काप भरून घेतला. जोडी माझ्या पुढच्या खोलीत उभी आहे. उत्तम वाजते. त्यानंतर जोडणी नसताना दोन्हीपैकी एकातूनही कधी चकार शब्द आलेला नाही.

वहिनी दादाशी बोलतात. जेवलात का, गोळी घेतली का, असं. पूर्वी त्या दिवसभर बडबडायच्या, सगळ्या गल्लीची खबर त्यांच्याकडं असायची. ते गेलं ते गेलंच. दादा एकदा मला म्हणाला, "घरात लय शांत वाटतं रं."

हे एका कॉलेजातल्या सरांना सांगितलं, तर ते मला शिकवायला लागले, दोन ड्रायव्हर वायरनं जोडले की एकात बोललेलं दुसऱ्यात ऐकू येतं म्हणून. मला माहीत आहे ते! लहानपणी अप्पांनीच करून दाखवलं होतं. त्याला वायर लागते, सर. सातारा ते सांगली कुणी ओढली होती? दुसरे एकजण म्हणाले मनाचे खेळ. मग अप्पांचे शब्द माझ्या मनाला कुठून कळले? मी सगळं तपासलंय. पडदा, कॉईल, कपॅसिटर, डाग. मला कारण सापडलेलं नाही आणि आता सापडेल असं वाटत नाही.

वाचकांपैकी कुणी जाणकार असेल तर कर्णा बोलला कसा हे मला समजावू नका. त्याचं मी बघून घेईन. खर्र ऐकवली, खोकला ऐकवला, नवरा-बायकोचं भांडण ऐकवलं, अप्पा ऐकवले... मग त्या गुरुवारी चार वाजता, जेव्हा दादाचा एकच शब्द ऐकू आला असता तर त्या बाईला घर सोडावं लागलं नसतं, तेव्हा तो गप्प का बसला? एवढंच सांगा.